स्थूलतेवरील शस्त्रक्रियेनंतर होणारा अंतर्गळ : कारणमीमांसा

अंतर्गळ किंवा हर्निया हा शब्द उच्चारताच सामान्यतः जांघेतील अथवा बेंबीजवळील फुगवटा डोळ्यांपुढे येतो. शास्त्रीय दृष्ट्या या संज्ञेचा अर्थ अधिक व्यापक आहे. एखाद्या पोकळीतील अवयव भोवतालच्या आवरणातील फटीतून किंवा दुर्बल जागेतून आपले स्थान सोडून पलीकडे सरकणे, म्हणजे अंतर्गळ होय. हे सरकणे त्वचेखाली झाले तर फुगवटा दिसतो. ते उदराच्या आतल्या आतच झाले तर बाहेरून काहीच दिसत नाही. दोन्ही प्रकारांत कारणांची जोडी मात्र एकच असते : अवयवाला वाट देणारी फट आणि त्या वाटेने त्याला लोटणारा दाब.

वजन घटविण्यासाठी जठर व आतडी यांवर करण्यात येणाऱ्या शस्त्रक्रियांनंतर हा विकार उद्भवतो, तेव्हा त्याच्या कारणांत एक विलक्षण विरोध आढळतो. त्याचे काही प्रकार शरीरात मेद पुष्कळ असल्यामुळे होतात, तर काही प्रकार तोच मेद नाहीसा झाल्यामुळे होतात. पहिल्या प्रकारात स्थूलता हे कारण असते. दुसऱ्यात शस्त्रक्रियेचे यशच कारण ठरते. हा भेद ध्यानात न घेतल्यास रुग्ण व वैद्य या दोघांचीही दिशाभूल होण्याचा संभव असतो, आणि तिची किंमत क्वचित प्राणांनी मोजावी लागते. यास्तव या कारणांचा क्रमाने विचार करणे उपयुक्त ठरेल.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

स्थूलतेवरील आधुनिक शस्त्रक्रियेचा आरंभ सामान्यतः १९६६ या वर्षापासून मानला जातो. जठरव्रणासाठी ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढून टाकलेला असे, त्यांचे वजन पुन्हा सहसा वाढत नाही, हे निरीक्षण त्या काळी झालेले होते. त्यावरून अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी जठराचा बराचसा भाग वगळून अन्न थेट आतड्यात नेणारी शस्त्रक्रिया प्रथम केली. पुढे तिला स्वित्झर्लंडमधील लोझान येथील शल्यविशारद सेझार रू यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या पद्धतीची जोड मिळाली. या पद्धतीत आतड्यांची रचना इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी दिसते.

पुढील विवेचनासाठी या रचनेची कल्पना स्पष्ट असणे अवश्य आहे. जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटर मावेल एवढी लहान पिशवी वेगळी करण्यात येते. नंतर लहान आतडे त्याच्या आरंभापासून काही अंतरावर छेदतात. छेदाखालचे टोक वर आणून या पिशवीस जोडले जाते. ही अन्नवाही शाखा होय. छेदावरचे टोक पित्त व स्वादुपिंडरस वाहून आणते. ते अन्नवाही शाखेला सुमारे १०० ते १५० सेंटिमीटर खाली कडेने जोडण्यात येते. वगळलेले जठर पोटातच राहते. मात्र त्यात अन्न जात नाही.

१९९४ मध्ये अमेरिकेतील अॅलन विटग्रोव्ह व त्यांचे सहकारी यांनी हीच शस्त्रक्रिया पोट न उघडता, दुर्बिणीच्या साहाय्याने केल्याचे प्रसिद्ध केले. आज तीच रीत सर्वत्र रूढ आहे. याखेरीज जठराचा बाहेरील मोठा भाग कापून त्याची अरुंद नळी बनविणारी ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया आणि आतड्याचा एकच जोड करणारी शस्त्रक्रिया याही प्रचलित आहेत. या प्रत्येक पद्धतीत उदराची रचना निरनिराळ्या प्रकारे बदलते, आणि म्हणून अंतर्गळाची वाटही बदलते.

उदरभित्तीचा अंतर्गळ : मेदाचा भार

प्रथम बाहेरून दिसणारा प्रकार घ्यावयाचा. उदरभित्तीचे सामर्थ्य त्वचेत किंवा मेदात नसते. ते स्नायूंवरील चिवट पांढऱ्या पडद्यात, म्हणजे प्रावरणीत असते. प्रावरणीला छेद दिल्यावर ती पुन्हा शिवता येते, परंतु तिला मूळचे बळ पूर्णपणे प्राप्त होत नाही. जखम भरून येण्याच्या पहिल्या काही आठवड्यांत तर सर्व भार टाक्यांवरच असतो.

स्थूल व्यक्तीत हा भार दोन कारणांनी वाढलेला असतो. निरोगी माणसाच्या उदरातील दाब पाऱ्याच्या सुमारे ५ ते ७ मिलिमीटर इतका असतो. अतिस्थूल व्यक्तीत तो ९ ते १४ मिलिमीटरपर्यंत असल्याचे आढळते. दुसरे कारण उदराच्या घेरात आहे. पोकळ वस्तूच्या भित्तीवरील ताण हा आतील दाबाबरोबर आणि त्या वस्तूच्या त्रिज्येबरोबर वाढतो, असा लाप्लास यांचा नियम आहे. म्हणजे घेर मोठा आणि दाबही अधिक, अशा स्थितीत ताण दुहेरी वाढतो. त्यात खोकला, उलटी किंवा मलावरोध यांची भर पडली म्हणजे टाके प्रावरणीला चिरीत जातात आणि हळूहळू फट तयार होते.

जखम भरून येण्याच्या क्रियेतील दोषही येथे विचारात घ्यावे लागतात. त्वचेखालील मेदाच्या जाड थरात रक्तपुरवठा कमी असल्याने जंतुसंसर्ग सहज होतो, आणि जंतुसंसर्ग हे जखमेतील अंतर्गळाचे एक प्रबळ कारण आहे. अनेक स्थूल रुग्णांना मधुमेह असतो; त्यामुळे जखम भरण्यास विलंब लागतो. धूम्रपानाने ऊतींना मिळणारा प्राणवायू घटतो व कोलॅजेन या बळकट तंतूंची निर्मिती मंदावते. याखेरीज शस्त्रक्रियेनंतरच्या काळात आहार अत्यंत अल्प असतो. प्रथिने व जीवनसत्त्वे यांची जखमेला सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच वेळी शरीर उपासाच्या अवस्थेतून जात असते. प्रथिनांच्या सेवनावर शल्यविशारद जो भर देतात, त्याचे हेही एक कारण आहे.

पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत या सर्व कारणांचा परिणाम किती मोठा होतो, हे कॅलिफोर्नियातील एका तुलनात्मक अभ्यासात दिसून आले. त्यात रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यदृच्छेने केलेली होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे तीन वर्षांच्या पाठपुराव्यात, पोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्या गटात जखमेतील अंतर्गळाचे प्रमाण शेकडा ३९, तर दुर्बिणीच्या गटात शेकडा ५ आढळले. छेदाची लांबी कमी होणे हाच बहुतांशी या फरकाचा अर्थ होय.

टाके कसे घातले जातात यालाही महत्त्व आहे. नेदरलँड्समध्ये ५६० रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मध्यरेषेतील छेद दोन पद्धतींनी शिवण्यात आला. एक सेंटिमीटर अंतराच्या मोठ्या टाक्यांनंतर वर्षभरात शेकडा २१ रुग्णांना, तर अर्धा सेंटिमीटर अंतराच्या लहान टाक्यांनंतर शेकडा १३ रुग्णांना अंतर्गळ झाला. हा प्रयोग केवळ स्थूल रुग्णांवर केलेला नव्हता. परंतु ताण पुष्कळ टाक्यांत विभागला गेला म्हणजे प्रावरणी कमी चिरते, हे त्यातील तत्त्व स्थूल रुग्णालाही लागू पडते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतही हा धोका समूळ नष्ट होत नाही. उपकरणे आत घालण्यासाठी केलेल्या छिद्रांपैकी १० मिलिमीटर व त्याहून मोठी छिद्रे शिवावीत, असा सर्वसाधारण संकेत आहे. तथापि मेदाच्या जाड थराखाली असलेली प्रावरणीची लहानशी फट शोधून ती नीट शिवणे कठीण असते. अशा लहान छिद्रात कधी कधी आतड्याच्या भित्तीचा केवळ एक भागच अडकतो. त्यामुळे मलमार्ग पूर्णपणे बंद होत नाही, फुगवटाही जाणवत नाही, परंतु अडकलेला भाग मात्र आतल्या आत मृत होऊ लागतो.

आणखी एक प्रकार वरवर नवा भासला तरी वस्तुतः जुनाच असतो. अनेक स्थूल व्यक्तींना बेंबीचा अंतर्गळ आधीपासून असतो. पण मेदाखाली झाकलेला असल्याने तो कोणाच्या लक्षात येत नाही. वजन उतरल्यावर तो प्रथम दिसू लागतो आणि शस्त्रक्रियेमुळेच तो झाला अशी समजूत होते. याविषयी एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. अशा फटीत बहुधा वपेचा, म्हणजे आतड्यांवरील मेदयुक्त पदराचा, बोळा बसलेला असतो आणि तो फट बुजवून ठेवतो. शस्त्रक्रियेच्या वेळी तो ओढून काढला व फट तशीच सोडली, तर मोकळ्या झालेल्या वाटेने आतडे शिरते. त्यामुळे एक तर फट त्याच वेळी शिवावी, नाही तर बोळ्याला हात लावू नये, असे म्हटले जाते.

उदरातील अंतर्गळ : मेदाचा अभाव

आतापर्यंत वर्णिलेल्या कारणांत मेद हा प्रतिकूल घटक होता. उदराच्या आत होणाऱ्या अंतर्गळात चित्र नेमके उलट होते.

लहान आतडे पोटात मोकळे पडलेले नसते. आंत्रबंध नावाच्या पंख्यासारख्या पडद्याने ते पाठीमागील भित्तीशी जोडलेले असते आणि त्याच्या रक्तवाहिन्या या पडद्यातूनच येतात. आतडे छेदून वर नेले की त्याबरोबर आंत्रबंधही छेदावा लागतो, आणि निसर्गतः नसलेल्या फटी निर्माण होतात. वाय-रचनेत अशा फटी तीन असू शकतात. पहिली, आतड्याच्या खालच्या जोडाजवळ आंत्रबंधाच्या दोन कडांमध्ये असते. दुसरी, वर नेलेल्या शाखेचा आंत्रबंध आणि आडव्या मोठ्या आतड्याचा बंध यांच्यामध्ये, शाखेच्या मागे राहते. जठर व आतडे यांच्या जोडानंतर या जागेत आतडे अडकल्याचे वर्णन वाल्टर पेटरसन या जर्मन शल्यविशारदांनी १९०० मध्ये केले होते. म्हणून तिला पेटरसनची जागा म्हणतात. तिसरी फट, अन्नवाही शाखा आडव्या मोठ्या आतड्याच्या बंधाला छिद्र पाडून मागून वर नेली तरच उद्भवते. शाखा पुढून नेल्यास ती टळते. एकाच जोडाच्या शस्त्रक्रियेत केवळ पेटरसनची जागा उरते. स्लीव्ह शस्त्रक्रियेत आंत्रबंध छेदला जात नसल्याने या फटी मुळीच निर्माण होत नाहीत.

शस्त्रक्रियेच्या दिवशी या फटी फारशा धोकादायक वाटत नाहीत. अतिस्थूल व्यक्तीचा आंत्रबंध मेदाने जाड झालेला असतो आणि त्याच्या कडा एकमेकींना लागून फट जवळजवळ बुजलेली असते. पुढील एक-दोन वर्षांत वजन झपाट्याने घटते; परंतु हा मेद केवळ कंबरेवरून उतरत नाही, तो आंत्रबंधातूनही उतरतो. पावसाळ्यात फुगून घट्ट बसलेली लाकडी चौकट उन्हाळ्यात आक्रसावी आणि तिच्या सांध्यांत फट पडावी, तसा हा प्रकार आहे. जाड पडदा पातळ होतो, कडा दुरावतात आणि बोटभर फटीची मूठभर वाट होते. हा अंतर्गळ बहुधा वर्ष-दोन वर्षांनंतर, चांगले वजन उतरलेल्या रुग्णांत आढळतो, याची उपपत्ती हीच आहे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा एक गुणही येथे दोषरूपाने प्रकट होतो. पोट उघडल्यानंतर आतील अवयव जागोजाग एकमेकांना चिकटतात. हे चिकटणे एरवी त्रासदायकच असते. परंतु त्यामुळे आतडी एका जागी धरून ठेवली जातात व फटीही काही अंशी सांधल्या जातात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर चिकटण्याची ही क्रिया अल्प होत असल्याने आतडी मोकळी राहतात आणि उघड्या फटीतून सहज सरकतात. येणेप्रमाणे ज्या पद्धतीने जखमेतील अंतर्गळ कमी केला, तिनेच उदरातील अंतर्गळाला अधिक वाव दिला.

फटी शिवाव्यात की न शिवाव्यात ?

फट हे कारण असेल तर ती प्रथमच शिवून टाकावी, हे उत्तर सहज सुचणारे आहे. परंतु ते प्रत्यक्षात कितपत खरे ठरते यावर दीर्घकाळ मतभेद होता. त्याचा निर्णय बऱ्याच अंशी स्वीडनमधील एका मोठ्या प्रयोगाने केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात १२ रुग्णालयांतील २,५०७ रुग्णांचा समावेश होता. यदृच्छेने निवडलेल्या सुमारे निम्म्या रुग्णांच्या फटी शिवण्यात आल्या व उरलेल्यांच्या तशाच ठेवण्यात आल्या. लहान आतड्याच्या अवरोधासाठी तीन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण फटी न शिवलेल्या गटात शेकडा १०.२, तर शिवलेल्या गटात शेकडा ५.५ भरले.

या लाभाला दुसरी बाजूही होती. पहिल्या तीस दिवसांतील गंभीर उपद्रवांचे प्रमाण न शिवलेल्या गटात शेकडा २.८ होते, ते शिवलेल्या गटात शेकडा ४.३ झाले. टाक्यांच्या ओढीमुळे खालच्या जोडाशी आतड्याला मुरड पडणे, हे त्याचे मुख्य कारण होते. दीर्घ मुदतीचा लाभ अधिक असल्याने फटी शिवण्याकडेच आज सामान्यतः कल आहे. मात्र ते काम किती काळजीपूर्वक व्हावयास हवे हेही या आकड्यांनी दाखविले. शिवलेल्या गटातही काही रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, ही गोष्ट तितकीच सूचक आहे. मेदयुक्त जाड पडद्यात घातलेला टाका पडदा पातळ झाल्यावर सैल पडतो व शिवलेली फट पुन्हा उघडते. तेव्हा फटी शिवलेल्या आहेत एवढ्यावरून अंतर्गळाची शंका दूर सारणे योग्य नव्हे.

गर्भावस्था

स्थूलतेवरील शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत स्त्रियांची संख्या अधिक असते आणि त्यांतील पुष्कळजणी प्रसूतिक्षम वयाच्या असतात. वजन उतरल्यावर गर्भधारणेची शक्यताही वाढते. गर्भाशय वाढू लागले की ते आतड्यांना वर ढकलते आणि उदरातील दाबही वाढवते. म्हणजे मेद गेल्याने रुंदावलेली फट आणि गर्भाशयाने निर्माण केलेला दाब, अशी दोन्ही कारणे एकत्र येतात. म्हणूनच गर्भावस्थेच्या उत्तरार्धात, विशेषतः अखेरच्या तीन महिन्यांत, या अंतर्गळाचा धोका लक्षात ठेवावा लागतो.

येथे निदानाची अडचण अधिक असते. पोटदुखी, मळमळ, उलटी ही लक्षणे गर्भावस्थेचीच समजली जातात आणि किरणांच्या भीतीने तपासणीही लांबणीवर पडते. अशा विलंबामुळे माता व अर्भक या दोघांच्याही जीवितास धोका पोहोचतो. शस्त्रक्रियेनंतर वर्ष ते दीड वर्ष गर्भधारणा टाळण्याचा जो सल्ला दिला जातो, तो मुख्यतः पोषणाच्या दृष्टीने असतो. त्या मुदतीनंतरही फटी असतात तशाच राहतात, याचा विसर पडू नये.

मध्यपटलातील अंतर्गळ

स्लीव्ह शस्त्रक्रियेत आंत्रबंधाच्या फटी नसल्या तरी वरच्या बाजूची एक नैसर्गिक वाट शिल्लक असते. मध्यपटलातील ज्या छिद्रातून अन्ननलिका छातीतून उदरात उतरते, ते छिद्र स्थूल व्यक्तीत उदरातील दाबामुळे पुष्कळदा सैल झालेले असते. जठराचा फुगीर वरचा भाग काढून त्याची सडपातळ नळी केल्यावर, आणि त्याला धरून ठेवणारे बंध सोडविल्यावर, ती नळी या छिद्रातून छातीत सरकू शकते. छिद्राभोवतालचा मेद उतरणे हेही त्यास साहाय्यभूत होते. जळजळ, आंबट पाणी वर येणे व गिळण्यास त्रास होणे ही त्याची लक्षणे होत. शस्त्रक्रियेच्या वेळी छिद्र मोठे आढळल्यास ते शिवण्यात येते.

लक्षणांचे फसवे रूप

उदरातील अंतर्गळ फसवा असण्याचे कारणही नव्या रचनेतच आहे. आतडे अडले म्हणजे हिरवी-पिवळी उलटी व पोट फुगणे ही लक्षणे वैद्याला अपेक्षित असतात. परंतु या रचनेत पित्तवाही शाखा अडली तर तिच्यातील रस तोंडावाटे बाहेर पडू शकत नाहीत. ते वगळलेल्या जठरात साठून ते फुगत जाते. अन्नाचा मार्ग मोकळा असल्याने रुग्णाला उलटी होईलच असे नाही. कधी आतडे फटीत शिरते व आपोआप परत येते. मग जेवणानंतर कळ येऊन काही वेळाने थांबते आणि असे महिनोन्‌महिने चालते. दोन कळांच्या मधल्या काळात तपासणी केल्यास काहीच आढळत नाही.

साधे क्ष-किरण चित्र व रक्ताच्या चाचण्या आरंभी निर्दोष असू शकतात. सीटी स्कॅनमध्ये आंत्रबंधातील रक्तवाहिन्या भोवऱ्याप्रमाणे पिळलेल्या दिसल्या तर ती महत्त्वाची खूण होय. पण ती न दिसल्याने अंतर्गळ नाही असे सिद्ध होत नाही. अशा वेळी दुर्बिणीने पोटात प्रत्यक्ष पाहणे हाच निर्णायक उपाय ठरतो. पीळ बसलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्यावर काही तासांतच ते मृत होऊ लागते. वेळेवर सोडविल्यास ते वाचते आणि फट शिवून काम भागते. विलंब झाल्यास आतड्याचा मोठा भाग गमवावा लागतो.

या विवेचनाचा व्यावहारिक इत्यर्थ स्पष्ट आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत शस्त्रक्रिया करून घेतलेला रुग्ण दोन वर्षांनी आपल्या गावी पोटदुखीची तक्रार घेऊन येतो, तेव्हा त्याच्यासमोरील वैद्याला एक सडपातळ, निरोगी दिसणारा माणूस दिसतो. पोटावरील चार-पाच बारीक व्रण सहज नजरेतून सुटतात. रुग्णालाही त्या जुन्या शस्त्रक्रियेचा आजच्या दुखण्याशी संबंध असेल असे वाटत नाही, कारण ती तर यशस्वी झालेली असते. अशा रुग्णाने आपल्या शस्त्रक्रियेचा प्रकार नमूद केलेला कागद जवळ बाळगावा आणि वैद्याने पोटदुखीच्या प्रत्येक रुग्णाला पूर्वीच्या शस्त्रक्रियेविषयी आवर्जून विचारावे, ही अपेक्षा साधी आहे. स्थूलता गेल्याने मधुमेहासारखे अनेक विकार आटोक्यात येतात, यात शंका नाही. परंतु मेद जाताना आपली जागा रिकामी ठेवून जातो. त्या रिकाम्या जागेचे भान रुग्णाला व वैद्याला अखेरपर्यंत असले पाहिजे.